पेल्यातील पाठभेद

साहित्याच्या वाचकांसमोर बिअरविषयी लिहावयाचे, हे काहींस रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. ज्यांस रुचणार नाही त्यांनी पुढील मजकुरात 'बिअर'च्या जागी 'ताक' वाचावे. काही तांत्रिक वाक्ये सोडली तर युक्तिवादास फारसा बाध येणार नाही. एकाच नावाची, एकाच दराची वस्तू आज एक आणि महिन्याने दुसरीच निघावी, आणि त्या दुसरेपणाचा विक्रेत्याने वर अभिमान बाळगावा, हा आमचा विषय आहे. मराठी समीक्षेस तो अगदीच परका नाही.

आधी थोडा पूर्वेतिहास. महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे जिथे तयार होते तिथेच प्यायला मिळणाऱ्या बिअरचे घर, २००९ साली पुण्यात निघाली. तिचे नाव 'डूलाली'. (हे नाव मुळात आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत पडून राहिलेले गोरे सोजीर कंटाळून भ्रमिष्ट होत, त्यावरून हा शब्द इंग्रजीत 'वेडसर' या अर्थाने रूढ झाला. एका मराठी गावाचे नाव परभाषेत जाऊन वेडे झाले आणि पुढे बिअरच्या पाटीवर बसून पुण्यात परतले, ही यात्रा भाषाविज्ञानाच्या तासाला सांगण्याजोगी आहे.) मग मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर, बालेवाडी अशी या घरांची रांगच लागली. बिअर म्हणजे बाटलीतली, थंडगार, किंचित कडसर आणि देशाच्या कोणत्याही टोकाला सारख्याच चवीची, अशी तोवर आमच्या पिढीची समजूत होती. गव्हाची गढूळ बिअर, कॉफीसारखी काळी स्टाउट, संत्र्याच्या सालीचा वास येणारी फिकट बिअर हे सारे आम्हांस नवीन होते. एकसुरी छंदांच्या काळात मुक्तछंद कानी पडावा तसे ते वाटले, आणि आम्ही त्याचे मनापासून स्वागत केले हे येथे नोंदवून ठेवतो. पुढील तक्रार शत्रूची नाही.

तक्रार अशी. शहराच्या पूर्वेकडील एका अशाच घरी (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, अशी घरे एकाहून अधिक आहेत) आम्ही गव्हाची बिअर पितो. पहिल्या खेपेस तिला पिकल्या केळ्याचा सुरेख दरवळ होता. महिन्याभराने गेलो तर केळे लोपून लवंग आली होती. तिसऱ्या खेपेस केळेही नाही आणि लवंगही नाही, लोणी. सिनेमागृहाच्या मध्यंतरात मक्याच्या लाह्यांना येतो तसा लोण्याचा वास, आणि जिभेवर एक ओशट थर. नाव तेच, फळ्यावरचा दर तोच. वाढणाऱ्या मुलास आम्ही हे सांगितले तेव्हा तो अत्यंत आदबीने म्हणाला, "सर, क्राफ्ट आहे ना, थोडं बदलतंच."

हे वाक्य पाठ करून घेतलेले असावे, कारण पुढे इतरत्रही ते शब्दशः ऐकू आले. ते अर्धे खरे आहे, म्हणूनच त्याचा समाचार घेणे कठीण जाते.

खरे अर्धे आधी पाहू. बिअर माणूस करीत नाही. माणूस सातूचे माल्ट गरम पाण्यात भिजवून गोड काढा करतो, तो हॉप्स घालून उकळतो, निववतो आणि मग यीस्टच्या स्वाधीन करतो. पुढचे काम त्या जिवाचे. आपल्याकडे हे कोणत्याही गृहिणीस समजावून सांगावे लागत नाही. तेच दूध, तेच विरजण, परंतु मे महिन्यातले दही आणि डिसेंबरातले दही एक नसते. पुण्याच्या थंडीत इडलीचे पीठ फुगत नाही म्हणून ते चादरीत गुंडाळून ठेवणाऱ्या घरांत आम्ही जेवलो आहोत. गव्हाच्या बिअरमधील केळे आणि लवंग ही दोन्ही त्या विशिष्ट यीस्टचीच अपत्ये आहेत. टाकी उबदार राहिली, बाविसेक अंशांवर गेली, की केळे वरचढ होते. सतरा-अठरा अंशांवर ठेवली की लवंगेस वाव मिळतो. काढ्याच्या आरंभी माल्टला त्रेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर थोडा वेळ विसावा दिला तर लवंग आणखी बळावते. शिवाय एका घाण्यातले यीस्ट काढून पुढच्या घाण्याला विरजण म्हणून लावण्याची रीत आहे, आणि काही पिढ्यांनंतर ते विरजण थकते, क्वचित बाटतेही. त्यात पाण्याचा प्रश्न. पुण्याच्या पूर्व भागात उन्हाळ्यात टँकर येतात, आणि टँकर कोणत्या विहिरीवर भरला हे टँकरवालाच जाणे. दख्खनच्या खडकातले कूपनलिकेचे पाणी जड. धरणाचे त्या मानाने हलके, पण क्लोरीन घातलेले. हे क्लोरीन कोळशाच्या गाळणीतून नीट काढले गेले नाही तर बिअरला दवाखान्यातल्या मलमपट्टीचा वास येतो. शहाणे लोक पाणी आधी पूर्ण निःसत्त्व करून घेतात आणि मग हवे ते क्षार मोजून घालतात. सगळेच शहाणे नसतात.

तेव्हा बदल होणार. मुद्दा असा की बदल आणि बिघाड या दोहोंना एकच शब्द वापरून विक्रेता आपली सुटका करून घेतो. आमच्या क्षेत्रात हा घोटाळा जुना आहे आणि त्याचा निवाडाही याच शहरात झालेला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे झाले. हजाराहून अधिक हस्तलिखिते पुढे ठेवून सुकथनकर आणि त्यांच्यामागून आलेल्या संपादकांनी जे केले त्यात एक भेद सतत पाळावा लागला: काश्मिरातील पोथी एक शब्द देते आणि केरळातील दुसरा, दोन्ही अर्थपूर्ण, दोन्हींमागे परंपरा उभी, तर तो पाठभेद, त्याचा मान राखून त्यास तळाशी जागा द्यावयाची. परंतु लेखनिकास डुलकी लागली आणि त्याने एक ओळ गाळली, तर तो प्रमाद. मुद्रणकला आल्यावर या प्रमादाचे खापर आपण मुद्राराक्षसावर फोडू लागलो. केळ्याची बिअर आणि लवंगेची बिअर हे पाठभेद आहेत. लोण्याची बिअर हा मुद्राराक्षस.

यावर कोणी म्हणेल की हा भेद तुमच्या जिभेने ठरवला. एखाद्यास लोणीच आवडले तर? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर बिअरच्या पुस्तकांपेक्षा आम्हांस संस्कृत काव्यशास्त्रात अधिक नेमके सापडते. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याचे लक्षण सांगताना शब्दार्थ दोषरहित असावेत ही अट अगदी आरंभी घातली आणि पुढे सातवा उल्लास संपूर्णपणे दोषांना दिला. 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथ त्याच्यावर तुटून पडला. अशी अट लावली तर जगात काव्य औषधालाही उरणार नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय; किडीने भोक पाडले म्हणून रत्नाचे रत्नपण जात नाही. तरुणपणी आम्ही विश्वनाथाच्या बाजूचे होतो. परंतु या दोघांच्या भांडणापेक्षा मोलाची गोष्ट दोषविचारात आहे, ती म्हणजे नित्य आणि अनित्य दोषांचा विवेक. कानास टोचणारे कठोर वर्ण शृंगारात दोष ठरतात, रौद्रात तेच गुण होतात. हा अनित्य दोष. काही दोष मात्र कोणत्याही रसात दोषच राहतात.

हा विवेक पेल्यास लावून पाहावा. लवंगेचा वास लागर जातीच्या स्वच्छ बिअरमध्ये आला तर तिथे परके यीस्ट शिरले असे समजावे. गव्हाच्या बिअरमध्ये तो भूषण. आंबटपणा बहुतेक बिअरमध्ये रोगाचे लक्षण, पण बेल्जियमच्या लांबिकमध्ये त्याचसाठी लोक वर्षानुवर्षे वाट पाहतात. लोण्याची किंचित छटा काही चेक लागरमध्ये आणि काही इंग्लिश एलमध्ये खपवून घेतली जाते, कोणी तीवर प्रेमही करते. गव्हाच्या बिअरमध्ये तिला स्थान नाही. मलमपट्टीचा वास मात्र कुठेच गुण होत नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास, जो बिअरला हवा लागून ती शिळी झाल्याने येतो, तोही जवळजवळ त्याच वर्गातला. म्हणजे आवडीनिवडीचे राज्य अमर्याद नाही. बिअरने स्वतःस जे नाव घेतले त्या नावानेच तिच्यावर काही बंधने आली. गझल म्हणून छापलेल्या रचनेत काफिया सापडला नाही तर वाचकाने 'कवीची शैली' म्हणून गप्प बसावे काय?

येथे एक ऐतिहासिक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. आज ज्या एकसारखेपणास हस्तकलेचा शत्रू मानले जाते, तो मिळवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात केवढी बुद्धी खर्ची पडली! कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियन हान्सन याने १८८३ साली यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी काढून वाढवली, कारण रानटी यीस्टच्या भेसळीने टाक्याच्या टाक्या नासत होत्या. आणि कारखान्याने ती जात स्वतःपुरती दडवून न ठेवता इतरांनाही दिली. डब्लिनच्या गिनेसमध्ये १८९९ साली नोकरीस लागलेला विल्यम गॉसेट सातू आणि हॉप्सच्या मोजक्याच नमुन्यांवरून खात्रीलायक निष्कर्ष कसा काढावा या विवंचनेत होता. त्यातून निघालेला शोधनिबंध त्याने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला, कारण कंपनी नोकरांना स्वतःच्या नावे छापू देत नसे. समाजशास्त्राचे आमचे सहकारी ज्या टी-चाचणीने आपले प्रबंध सजवतात ती ही. तिचे मूळ बिअरच्या पेल्यात आहे हे त्यांतील किती जणांस ठाऊक असेल, देव जाणे. असो.

मोठ्या कारखान्यांनी हे ज्ञान वापरून चव सपाट केली हे खरे. परंतु ज्ञानाचा दोष तो नव्हे. आणि लहान असणे म्हणजे गबाळे असणे, हे समीकरण तर मराठी वाचकाने मुळीच मान्य करू नये. साठच्या दशकातील अनियतकालिकांची चळवळ आठवावी. सायक्लोस्टाइल केलेले, पुसट, तिरके अंक आम्ही आजही प्रेमाने जपतो. त्या पुसटपणास गरिबीचे कारण होते आणि तो कोणी साडेतीनशे-चारशे रुपये पेला या दराने विकत नव्हता. त्याच चळवळीतल्या अशोक शहाणे यांनी पुढे प्रास प्रकाशनातून 'अरुण कोलटकरच्या कविता' आणि नंतर 'भिजकी वही' ज्या निगुतीने काढली ती पाहावी. घर लहान होते, म्हणूनच प्रत्येक पान डोळ्यांखालून जाणे शक्य होते. टाकी पाचशे लिटरची असेल तर तिच्याकडे पाच लाख लिटरच्या टाकीपेक्षा अधिक लक्ष देता आले पाहिजे, कमी नव्हे.

आता ज्या कारणाने हे सारे लिहावयास बसलो ते. त्या पूर्वेकडील घरात बिअर करणारा तरुण आमचा विद्यार्थी निघाला. मराठीत एम. ए. झाला, नेट झाला, आणि मग सहा वर्षे तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालयांत शिकवत राहिला. तासिका तत्त्व म्हणजे काय हे या वाचकांस सांगणे नलगे. ज्यांचे मानधन मार्चमध्ये व्हावयाचे ते ऑगस्टमध्ये झाले, अशांपैकी काही हे वाचतही असतील. सातव्या वर्षी त्याने खडू ठेवला. आधी टाक्या धुण्याच्या कामास लागला, वर्षभर नुसत्या टाक्या धुतल्या, मग शिकत शिकत त्या घराचा मुख्य ब्रुअर झाला. लोण्याच्या खेपेस तोच टेबलाशी येऊन उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, कशी झालीये?"

एखाद्याने नोकरीच्या अनिश्चिततेतून सुटून मोठ्या कष्टाने काही उभे केले असता त्याच्या तोंडावर 'बिघडली आहे' म्हणणे सुखाचे नसते. परंतु वर्गात ज्याच्या निबंधावर आम्ही लाल शाईने लिहिले त्याच्याशी आता गोड बोलणे म्हणजे त्याला परका मानणे झाले असते. आम्ही जे नाकाला जाणवले ते सगळे सांगितले. तो हसला. म्हणाला, "सर, माझ्या प्रबंधिकेवर तुम्ही एवढं लिहिलं नव्हतं." आणि मग खुर्ची ओढून बसला आणि त्याने जे सांगितले ते आम्हांस आमच्या चव घेण्यापेक्षा महत्त्वाचे वाटते.

हे लोणी यीस्ट स्वतःच निर्माण करते आणि शेवटी स्वतःच गिळून टाकते. अट एकच, त्याला शेवटचे दोनेक दिवस थोड्या उबेत निवांत सोडायचे. ते संपले की नाही हे पाहण्याची युक्तीही साधी आहे: थोडी बिअर झाकून साठेक अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, निववायची आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी धरून हुंगायची. लोण्याचा वास आला तर टाकी अजून तयार नाही. त्याने ही परीक्षा घेतली होती. वास आला होता. त्याने मालकांस तसे सांगितलेही. पण टाक्या सहा, शुक्रवार तोंडावर, जागेचे भाडे डोक्यावर; मालक म्हणाले, "सोड रे, लोकांना काय कळतंय?"

प्रकाशनव्यवसायात हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. शुद्धलेखन तपासणाऱ्याचे पैसे वाचवताना, सूची गाळताना, अनुवाद मुळाशी ताडून पाहण्याचा आग्रह धरणाऱ्यास वाटेला लावताना हेच उच्चारले जाते. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात बिघडलेल्या सुरेची स्वतंत्र व्यवस्था सांगितली आहे: ती अन्यत्र विकावी, दासांना व कामकऱ्यांना वेतनादाखल द्यावी, नाही तर ओझ्याच्या जनावरांना किंवा डुकरांना पाजावी. दासांविषयीचा भाग चीड आणणारा आहेच. तरीही बिघडलेली ती बिघडलेली, चांगलीच्या नावाने ती विकावयाची नाही, एवढे त्याच्या लेखी स्पष्ट आहे. शुक्रवारच्या गर्दीची गणना मालकांनी यांपैकी कोणत्या वर्गात केली, ते आम्ही विचारले नाही.

"सर, तुम्ही अभिप्रायाच्या वहीत लिहा," तो म्हणाला. "मी बोललेलं चालत नाही. गिऱ्हाइकानं लिहिलेलं चालतं."

आम्ही लगेच लिहिले नाही. लिहिले तर मालकांचे बोट प्रथम त्याच्याकडेच वळणार हे उघड होते. तासिका तत्त्वावरून सुटलेला माणूस पुन्हा रस्त्यावर यावयाचा. न लिहावे तर पुढच्या शुक्रवारी पुन्हा लोणी, आणि 'क्राफ्ट आहे, बदलतंच' हे वाक्य पुन्हा त्या वाढणाऱ्या मुलाच्या तोंडी. आम्ही हे त्यास बोलून दाखवले. तो म्हणाला की टाकी घाईने रिकामी करवून घेतली हे ज्यास ठाऊक नाही तो ब्रुअरला नालायक समजतोच. लिहिल्याने त्यात अधिक काय वाईट होणार? मग आम्ही वहीत पाऊण पान लिहिले. बिअरचे नाव, तारीख, दोष, आणि हा दोष कौशल्याच्या अभावाने नव्हे तर सवडीच्या अभावाने येतो हे वाक्य, खाली सही. 'पैसे परत द्यावेत' असे लिहिण्याचा मोह आवरला.

त्याची नोकरी राहिली. गव्हाच्या बिअरच्या टाकीस दोन दिवस मिळाले. इतर टाक्यांस मिळाले नाहीत. तिथली फिकट लागर अजूनही अधूनमधून उकडलेल्या मक्यासारखी लागते, आणि त्याचे कारण काढा पुरेसा खळखळ उकळलेला नसणे हे आहे, म्हणजे आता गॅसच्या बिलाशी भांडण. ते त्याचे त्याने करावयाचे आहे. मात्र दरफलकाशेजारी त्याने एक लहान फळा मालकांकडून मागून घेतला. त्यावर तो प्रत्येक घाण्याची तारीख, यीस्टची कितवी पिढी आणि किती अंशांवर आंबवले ते खडूने लिहितो. मागच्या आठवड्यात गव्हाच्या बिअरपुढे 'अठरा अंश, लवंग' असे होते आणि पेल्यात लवंगच होती. शेजारच्या टेबलावरच्या एका मुलीने ते वाचून जरा घाबरूनच विचारले, "अठरा अंश म्हणजे अल्कोहोल का हो?" तो खडू खिशात टाकून तिच्या टेबलाशी गेला आणि विरजणापासून सांगू लागला. चांगली वीस मिनिटे सांगत होता.